वाचनालयाच्या काउंटरवरची स्क्रीन: पाच फेऱ्या आणि एक वही

शेवंती | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने पेठेतल्या एका जुन्या वाचनालयासाठी देवघेवीचं वेब ॲप करते आहे. बॅकएंड माझा कॉलेजमधला मित्र सांभाळतो, स्क्रीनची जबाबदारी माझी. चौथीत असताना याच वाचनालयाच्या बालविभागाची मी सभासद झाले होते, त्यामुळे या कामात जीव गुंतलेला आहे. काउंटरची मुख्य स्क्रीन आतापर्यंत पाच वेळा मोडून पुन्हा बांधली. परवा पाचवी लावून आले. डोक्यात ताजं आहे तोवर सविस्तर लिहावं म्हणून हा धागा. तयार झालेल्या स्क्रीनची चित्रं सगळेच दाखवतात, मधल्या मोडलेल्या स्क्रीन कुणी दाखवत नाही, आणि शिकण्यासारखं बरंचसं त्यांच्यातच असतं.

पहिल्या फेरीत सहा आठवडे फिग्मात (स्क्रीनचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) गेले. वर चार चौकटी: आज दिलेली पुस्तकं, आज आलेली, मुदत उलटलेली, नवे सभासद. खाली महिन्याचा आलेख, डावीकडे नऊ पर्यायांचा मेनू. कार्यकारी समितीला दाखवलं, सगळ्यांना फार आवडलं. मग ते काउंटरवर लावलं, संध्याकाळी साडेसहाला. ऑफिसातून परतताना सभासद येतात ती वेळ.

काउंटरवर ज्या बसतात त्यांना लहानथोर सगळे ताई म्हणतात. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे हात नीट पाहिले. डावा तळवा पुस्तकाखाली. पुस्तक उलटं करून शेवटचं पान अंगठ्यानं उघडायचं, तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. उजव्या हातात तारखेचा शिक्का, तो पॅडवर टेकवायचा, चिठ्ठीवर उमटवायचा, पुस्तक मिटायचं, पुढे सरकवायचं. हे करता करता समोरच्या माणसाशी बोलणं चालूच. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. यात माऊस धरायला तिसरा हात कुठून आणणार? त्या दिवशी ताईंना शिक्का खाली ठेवावा लागला, माऊस शोधावा लागला, बाण कुठे आहे ते बघावं लागलं, मेनूत ‘देवघेव’ शोधावं लागलं. चौथ्या सभासदाला त्यांनी खणातून एक पाठकोरी वही काढली, पेन्सिलीनं नंबर लिहिला आणि मला म्हणाल्या, “तू बस गं, मी नंतर भरते त्यात.”

ती वही मी विसरलेली नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत मी एकच गोष्ट पाहिली: वही खणातून बाहेर येते का, आणि आली तर नेमकी कशासाठी.

दुसऱ्या फेरीत सगळं काढून टाकलं आणि स्क्रीनवर एकच मोठी चौकट ठेवली. चौकट कशाला, तर आधी दोन संध्याकाळी नुसतं ऐकत बसले होते. सभासद आल्यावर नंबर कुणीच सांगत नाही. “कुलकर्णी, शनिवार” एवढंच म्हणतात. आडनाव आणि पेठ. मग चौकटीत तेच टाइप करता यायला हवं. पुस्तकासाठी बारकोड स्कॅनर आणला. तो संगणकाला कीबोर्डच वाटतो, वाचलेले आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. सोयीचं आहे, पण कर्सर जिथे असेल तिथेच ते आकडे पडतात. एकदा ताई एका सभासदाचा फोन नंबर दुरुस्त करत होत्या, तेवढ्यात दुसऱ्यानं पुस्तक पुढे केलं, त्यांनी सवयीनं स्कॅन केलं आणि पुस्तकाचा नंबर फोनच्या रकान्यात जाऊन बसला. एंटर आलंच मागोमाग, म्हणजे जतनही झाला. दोन दिवसांनी कळलं.

त्यानंतर तीन नियम पाळले. देवघेवीच्या स्क्रीनवर दुरुस्तीचा एकही रकाना ठेवायचा नाही. कोणतंही काम झालं की कर्सर आपोआप चौकटीत परत आला पाहिजे. आणि पुस्तकाच्या बारकोडची सुरुवात एका अक्षरानं, सभासदाच्या कार्डाची दुसऱ्या, म्हणजे एकाच चौकटीला दोन्ही ओळखता येतात. (अक्षरं रोमनच ठेवावी लागली, कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात देवनागरी बसत नाही.)

बाकीच्या फेऱ्या उद्या लिहिते. तोवर तुमचे अनुभव येऊ द्या.


हिंजवडीवासी | रविवार, रात्री १०.२५

छान लिहिलंय. एक प्रश्न मनापासून विचारतो. आमच्याकडे क्लायंटनं स्क्रीन मंजूर केली की त्यावर सही होते. त्यानंतरचा प्रत्येक बदल म्हणजे वेगळा अर्ज, वेगळे पैसे, वेगळी तारीख. तुमच्या समितीला पहिली स्क्रीन आवडली होती. ती तुम्ही दुसऱ्याच फेरीत पूर्ण काढली. समिती काही बोलली नाही? आणि सहा आठवड्यांचं काम टाकून देताना मित्राला काय सांगितलंत? कारण आमच्या टीममध्ये असं झालं तर डेव्हलपर दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहील.


निवृत्त ग्रंथपाल | रविवार, रात्री ११.०२

शेवंतीताई, आपला धागा वाचून आनंद झाला. मी ३१ वर्षे ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून काही गोष्टी सांगतो.

दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयात नोंद होताना मिळणारा क्रमांक, पुस्तकाच्या नावाला नसतो, प्रतीला असतो. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाच दाखल क्रमांक. प्रत गहाळ झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही द्यायचा नसतो. आपल्या शोधात नाव एकदाच दिसावे व त्याखाली प्रती दिसाव्यात, कोणती आत आहे व कोणती बाहेर हे कळावे.

दुसरे असे की, ग्रंथालय अनुदानित असेल तर दाखल नोंदवही ठेवावीच लागते व तपासणीस येणारे ती उघडून पाहतात. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून ही शिस्त आहे. आपल्या ॲपमधून जे छापून निघेल त्यातील रकान्यांचा क्रम नोंदवहीप्रमाणेच ठेवावा. रकाने इकडचे तिकडे झाले तर ताळा घेणाऱ्याचा अर्धा दिवस जातो.


शेवंती | सोमवार, रात्री ८.४५

ग्रंथपाल काका, प्रतींचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पहिल्या फेरीत आम्ही नेमकं तेच चुकलो होतो. एकच कादंबरी पाच ओळींत पाच वेळा यायची आणि ताईंना वाटायचं की नोंद दुबार झाली. रकान्यांचा क्रम मात्र लक्षात आला नव्हता. आज दुपारी जाऊन जुन्या नोंदवहीच्या एका पानाचा फोटो काढून आणला, छपाई त्याबरहुकूम करतो.

हिंजवडीवासी, समितीशी बोलणं अवघड गेलं. एका सदस्यांना आलेख फार प्रिय होता. वाद घातला नाही. त्यांना विनंती केली की एक संध्याकाळ ताईंच्या मागे खुर्ची टाकून बसा. ते बसले, वही निघालेली त्यांनी स्वतः पाहिली. आलेख आता त्यांच्या महिन्याच्या बैठकीच्या पानावर आहे, तिथे तो उपयोगी पडतो. मित्राच्या बाबतीत मात्र चूक माझी होती. मी पूर्ण रंगवलेली स्क्रीन त्याच्या हातात दिली आणि त्यानं ती बांधली. दुसऱ्या फेरीपासून क्रम बदलला: आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं, तो कागद काउंटरवर ठेवून ताईंना “हे पुस्तक या सभासदाला द्या” सांगायचं, त्या बोटानं कुठे दाबतात ते बघायचं. कागद टाकून द्यायला कुणालाच दुःख होत नाही. कागदावर निभावलं तरच कोड. फेरी कागदावर चुकली तर तिची किंमत एक संध्याकाळ, कोडमध्ये चुकली तर तीन आठवडे. तुमचा सहीचा करार असेल तर निदान कागदाची फेरी सहीच्या आधी घालता येईल का, बघा.

आता तिसरी फेरी. हिचा विषय शोध. काउंटरवर दोघं बसतात. ताई सरकारी परीक्षेसाठी इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक शिकलेल्या, त्या देवनागरीत टाइप करतात. संध्याकाळचा मुलगा एसपी कॉलेजमध्ये शिकतो, तो मोबाइलसारखं रोमनमध्ये लिहितो. एकाच चौकटीनं दोघांचं ऐकायला हवं. त्यात जुनी यादी चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेगवेगळ्या सोयींनी भरलेली. ‘ॲ’ दोन तऱ्हांचा, ‘ऱ्य’ दोन तऱ्हांचा. स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात आणि शोधलं की सापडत नाहीत. रॅकवर पुस्तक डोळ्यांसमोर आणि संगणक सांगतो, असं पुस्तक नाही. ताई म्हणाल्या, “मग मला वेड लागलंय का?” मला फार वाईट वाटलं. माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावणारी स्क्रीन मी केली होती.


अर्धविराम | सोमवार, रात्री ९.३०

हा माझा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

देवनागरी शोधासाठी मूळ नावाला हात लावायचा नाही. शेजारी आणखी एक रकाना करायचा, फक्त शोधासाठी. त्यात नाव सपाट करून ठेवायचं आणि शोधणारा जे टाइप करेल तेही त्याच चाळणीतून काढून ताडून बघायचं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप केलेलं असेल तर ते एका रूपात आणणं) करावंच, पण त्यावर विसंबून राहू नये. र आणि खाली नुक्ता असं वेगवेगळं टाइप केलेलं असेल तर ते ‘ऱ’मध्ये जोडतं. पण ‘अ’वर अर्धचंद्र दिलेला जुना ‘ॲ’ आणि स्वतंत्र सांकेतांक (संगणकातला अक्षराचा क्रमांक) असलेला ‘ॲ’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. तो स्वतंत्र सांकेतांक युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे आधीच्या याद्यांत सगळीकडे जुनी पद्धत सापडते. ते हातानं जुळवावं लागतं.

खरा सापळा ‘ऱ्य’चा आहे. काही कळफलक तो ‘ऱ’ला हलन्त लावून करतात. काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक घालून. बरेच लोक साफसफाई म्हणून सगळे अदृश्य जोडक आधी पुसून टाकतात. तसं केलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ धाडलेलं बोलावणं ‘आचार्यांना’ जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी जोडकवाला ‘र’ बदलून ‘ऱ’ करा, मग उरलेले जोडक पुसा.

त्यानंतर इ-ई आणि उ-ऊ एक धरा, अनुस्वार आणि पंचमवर्ण एक धरा. शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची जागा काउंटर नव्हे.

आकड्यांचंही तपासा. जावास्क्रिप्टला ‘१२’ हा आकडा वाटत नाही, देवनागरी अंक आधी बदलून घ्यावे लागतात. आणि यादीचा क्रम. सांकेतांकांप्रमाणे लावलात तर ‘ळ’ येतो ‘ल’च्या लगेच मागे, ‘क्ष’ जातो ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ जातो ‘ज’मध्ये. मराठी माणूस ते ‘ह’च्या पुढे शोधतो. ब्राउझरला क्रम लावताना भाषा मराठी आहे असं सांगितलं की तो बरोबर लावतो.


शेवंती | सोमवार, रात्री १०.०५

अर्धविराम, जोडक आधी पुसण्याची चूक आम्ही केली होती, अगदी याच क्रमानं. उद्या चाळणीचा क्रम बदलतो. मनापासून आभार.

पानाची भाषा मराठी आहे हे सांगण्याचा मला दुसराही फायदा झाला. पानावर भाषेची ती खूण नसेल तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. खूण घातल्यावर आपले आले. एका ज्येष्ठ सभासदांनी ते पाहून लगेच सांगितलं की आता बरं वाटतंय वाचायला, काय बदललं ते मात्र त्यांना सांगता येईना.


कसबा | मंगळवार, सकाळी ७.२०

मी ६८ वर्षांचा आहे आणि अशाच एका वाचनालयाचा सभासद आहे. सभासदांसाठीचे जे पान असते त्याबद्दल एक तक्रार नोंदवतो. मराठी अक्षरांच्या ओळी इतक्या चिकटून असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. बटणांवर मात्रा वरून कापलेल्या असतात. ‘के’ आणि ‘कै’ यांत फरक राहत नाही. शिवाय हल्ली सगळीकडे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे. तरुणांना दिसत असतील, आम्हाला दिसत नाहीत.


शेवंती | मंगळवार, दुपारी १.१५

काका, तुमची तक्रार रास्त आहे. ओळींतलं अंतर बहुतेक वेळा रोमन अक्षरांचा हिशोब धरून ठेवलेलं असतं. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. मी आता अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर ठेवते आणि प्रत्येक बटण ‘र्कै’ आणि ‘ट्रू’ लिहून तपासते. ती दोन नीट दिसली की बाकी सगळं दिसतं. रंगाच्या फरकाला जगभर मान्य असलेलं एक माप आहे, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १. फिकट राखाडी त्यात बसतच नाही.

बटणांवरच्या शब्दांचं इथेच सांगते. पहिल्या फेरीत मी ‘निर्गम’ आणि ‘प्राप्ती’ लिहिलं होतं, नोंदवहीतून उचललं होतं. दुसऱ्या फेरीत ‘इश्यू’ आणि ‘रिटर्न’. काउंटरवर मात्र दिवसभर दोनच शब्द ऐकू येतात: “हे दिलं” आणि “हे जमा”. तिसऱ्या फेरीपासून बटणांवर ‘द्या’ आणि ‘जमा’ आहे. ‘नूतनीकरण’चं ‘मुदत वाढवा’ झालं. त्यानंतर संध्याकाळच्या मुलाला काही शिकवावं लागलं नाही.


सातवा मजला | मंगळवार, रात्री ९.००

एक शंका. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सननं सांगितलंय की पाच लोकांवर चाचणी घेतली की ८५ टक्के अडचणी सापडतात. तुमच्याकडे तर काउंटरवर दोनच माणसं. मग निष्कर्षांवर भरवसा कसा ठेवायचा? आणि पाचांवर एकदाच नीट चाचणी घेतली असती तर पाच फेऱ्या कशाला लागल्या असत्या?


शेवंती | मंगळवार, रात्री १०.४०

तो आकडा कुठून आला ते बघितलं की उत्तर मिळतं. नील्सन आणि लँडॉअर यांनी १९९३ मध्ये काही प्रकल्पांचा हिशोब मांडला. एका माणसाच्या चाचणीत सरासरीनं ३१ टक्के अडचणी दिसतात असं निघालं. दुसऱ्या माणसाला काही त्याच दिसतात, काही नव्या. असं पाचांपर्यंत गेलं की ८५ टक्क्यांच्या आसपास पोचतं. पण ३१ ही सरासरी आहे. तुमच्या कामात अडचणी जास्त लपलेल्या असतील तर पाच माणसं पुरत नाहीत. आणि नील्सनचं सांगणं पुढे असंही होतं की पंधरा माणसं मिळणार असतील तर एकदाच पंधरा घेऊ नका, पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा. कारण दुरुस्ती केली की जुन्या अडचणीमागे झाकलेली नवी दिसायला लागते. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, गूल्ड आणि लुईस या संशोधकांनी तीन गोष्टी धरून ठेवायला सांगितल्या होत्या: वापरणारा सुरुवातीपासून समोर, प्रत्यक्ष मोजमाप, आणि पुन्हा पुन्हा बांधणी. तेव्हाही बहुतेक डिझायनरना ते पटायचं आणि करायचं कुणी नाही.

माझ्याकडे दोनच माणसं आहेत, पण तीच दोन ही स्क्रीन रोज वापरणार आहेत. झाकलेल्या अडचणी कशा निघतात त्याचं उदाहरण म्हणजे चौथी फेरी.

चुकून भलतंच पुस्तक नोंदवलं जाऊ नये म्हणून मी प्रत्येक नोंदीला “नक्की द्यायचं का?” असा पॉप-अप टाकला होता. ‘हो’ बटणावर फोकस, म्हणजे एंटर दाबलं की ‘हो’च दाबलं जाणार. कागदावर हे सुरेख चाललं. काउंटरवर लावल्यावर आठवड्याला दोन-तीन पुस्तकं नोंदीविना बाहेर जायला लागली. तीन संध्याकाळी बसून बघितलं तेव्हा उलगडलं. ताई एका सभासदाची तीन पुस्तकं लागोपाठ स्कॅन करतात. पहिलं स्कॅन झालं, पॉप-अप उघडला. लगेच दुसरं स्कॅन झालं, त्याचे आकडे हवेत गेले, पण त्याच्या मागचं एंटर ‘हो’वर पडलं. पहिलं पुस्तक नोंदलं गेलं, दुसरं गायब. आणि स्कॅनर तर प्रत्येक वेळी टिक असा आवाज करतोच. ताई स्क्रीनकडे बघतच नाहीत, त्या आवाजावर काम करतात. तो आवाज फक्त ‘वाचलं’ एवढं सांगतो, ‘नोंदलं’ हे नाही.

पॉप-अप काढून टाकला. आता चौकटीखाली शेवटच्या सहा नोंदी दिसतात आणि प्रत्येकीपुढे ‘मागे घ्या’. चूक झाली तर एका दाबात परत. नोंद झाली नाही तर संगणक वेगळा, खालच्या पट्टीतला आवाज करतो, तो ऐकला की ताई मान वर करतात. आवाजाचाही इंटरफेस असतो हे मी इथे शिकले.

याच फेरीत गुरुवारी वीज जाण्याचा प्रश्न आला. दुपारी दुरुस्तीसाठी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू, राऊटर बंद. नोंदी ब्राउझरमध्ये साठतात आणि वर लिहून येतं: “४ नोंदी पाठवायच्या बाकी”. आधी मी तिथे नुसतं एक ढगाचं चिन्ह ठेवलं होतं, त्याचा अर्थ दोघांपैकी कुणालाच लागला नाही.

आणि चौथ्या फेरीतली सगळ्यात लागलेली गोष्ट. मुदत उलटली की दंडाची रक्कम मोठ्या लाल अक्षरांत यायची. मला वाटलं, ठळक म्हणजे चांगलं. पण काउंटरची स्क्रीन तिरकी आहे, रांगेतल्या लोकांना दिसते. एक आजोबा आजारपणामुळे दोन महिने आले नव्हते. त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत रक्कम आली, मागे चार माणसं उभी. त्यांनी काही न बोलता पैसे दिले आणि पुस्तक न घेता निघून गेले. ताईंनी नंतर त्यांना फोन केला. आता फक्त एक छोटा ठिपका येतो, कळ दाबून धरली तरच रक्कम दिसते. रांगेत उभा असलेला माणूसही तुमची स्क्रीन वाचतो हे कुठल्याही वायरफ्रेममध्ये (स्क्रीनच्या कच्च्या आराखड्यात) दिसत नाही.


पानगळ | बुधवार, दुपारी ४.३०

मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, आम्ही चाचणी घेतो तेव्हा सगळे म्हणतात “छान आहे”. खरं कसं काढून घ्यायचं?


शेवंती | बुधवार, रात्री ९.२०

‘कसं वाटलं’ हे विचारूच नकोस. काम दे. “हे पुस्तक जमा करा, त्याच सभासदाला दुसरं द्या.” मग हात मांडीवर ठेवून गप्प बस. माणूस अडला तरी लगेच मदत करायची नाही, मनात दहा अंक मोजायचे. त्याची नजर कुठे दोनदा गेली, हात कुठे थबकला, ते लिही.

माझी अडचण आणखी वेगळी होती. ताई मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्या तोंडून “तू केलंस ना, छानच असणार” याशिवाय काही निघेना. मायेपोटी त्या स्वतःलाच दोष द्यायच्या, “माझंच लक्ष नव्हतं”. शेवटी दोन फेऱ्यांना मी मागच्या खोलीत बसले आणि माझ्या मैत्रिणीला स्टुलावर बसवलं, तिला ताई ओळखत नव्हत्या. त्या दिवशी पंधरा मिनिटांत सात गोष्टी कळल्या.

आणि एका फेरीत एकच प्रश्न सोडवायला घे. मी तिसऱ्या फेरीत शोधाबरोबर रंगही बदलले होते. वेग वाढला, पण कशामुळे ते आजतागायत सांगता येत नाही.


निवृत्त ग्रंथपाल | बुधवार, रात्री १०.१५

पाचव्या फेरीबद्दल आपण अजून लिहिले नाही. दिवाळी अंकांचे काय केलेत? १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. अनेक ग्रंथालयांची वर्षाची निम्मी धावपळ त्या तीन-चार महिन्यांत असते.


शेवंती | गुरुवार, रात्री ८.५०

काका, पाचवी फेरी त्याचीच.

मी अंकांना पुस्तकांसारखंच धरलं होतं: चौकटीत नाव टाइप करा, अंक द्या. पण दिवाळी अंकांच्या योजनेचा सभासद अंकाचं नाव घेऊन येतच नाही. तो येतो आणि विचारतो, “मी न वाचलेला कुठला आहे आत?” जुन्या पद्धतीत यासाठी छापील कार्ड होतं, त्यावर सगळ्या अंकांची नावं आणि वाचलेल्यावर खूण. सभासद स्वतःच्या कार्डावर बोट फिरवून सांगायचा. मी ते कार्ड काढून टाकलं आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही. पहिल्याच संध्याकाळी वही बाहेर आली, आणि मागोमाग जुनी कार्डंही.

म्हणून ते कार्डच स्क्रीनवर आणलं. सभासद उघडला की सगळ्या अंकांची नावं रकान्यांत, छापील कार्डाच्याच क्रमानं. वाचलेले फिकट, आत्ता रॅकवर असलेले ठळक, बाहेर गेलेले मधल्या छटेत. ही एक स्क्रीन ताई सभासदाकडे वळवून दाखवतात. लोक स्क्रीनवर बोट टेकवतात, अगदी कार्डावर टेकवायचे तसं. दुसऱ्या फेरीपासून मी चौकटी आणि रकाने काढून टाकत आले होते, इथे मात्र रकानेच हवे होते. मागची फेरी काय शिकवून गेली ते इथे जसंच्या तसं लावलं असतं तर फसले असते.


हिंजवडीवासी | गुरुवार, रात्री ९.४०

कागदाच्या फेरीचं उद्या आमच्या मॅनेजरसमोर मांडतो. शेवटचा प्रश्न: थांबायचं कधी? पाचवी लावलीत, सहावी आहेच का?


शेवंती | गुरुवार, रात्री १०.१०

आहे. देण्याघेण्यासाठी वही आता निघत नाही. पण काल संध्याकाळी ती पुन्हा काउंटरवर होती. एक बाई म्हणाल्या, “अमुक पुस्तक आलं की माझ्यासाठी ठेवा हं,” आणि ताईंनी पेन्सिलीनं नाव लिहिलं. आम्ही ‘राखीव’ची सोय दिली आहे, पण तिला चार पायऱ्या आहेत. आज रात्री कागदावर एका पायरीत बसवून बघते, शनिवारी सहा वाजता काउंटरवर घेऊन जाईन.


निवृत्त ग्रंथपाल | गुरुवार, रात्री १०.३२

एक सूचना. आमच्याकडे राखीव पुस्तक परत आले की त्यात सभासदाच्या नावाची चिठ्ठी घालून, वर रबर लावून, काउंटरच्या मागच्या फळीवर ठेवत असू. तीन दिवस वाट पाहायची. चौथ्या दिवशी रबर काढून पुढच्या नावाला निरोप. आपल्या स्क्रीनवर नुसते ‘राखीव’ असे दिसले तर ते पुस्तक फळीवर आहे, की अजून बाहेरच आहे, हे ताईंना कळणार नाही.


शेवंती | गुरुवार, रात्री १०.३८

हे माझ्या कागदावर नव्हतं, काका. ‘बाहेर आहे, राखीव’ आणि ‘फळीवर आहे, अमक्या तारखेपर्यंत’ असे दोन वेगळे शब्द घालते. फळीचा फोटोही शनिवारी काढून आणते.